मुरलीपुऱ्याची पत्र्याची बाई

मला स्कूटर चालवता येत नाही. कुणाच्या मागे बसतानाही मी पदर आवळून देवाचं नाव घेते. तरी सांगलीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीतल्या फळ्या स्कूटरींनी भरल्या आहेत. या खेळण्यातल्या स्कूटरी नव्हेत. जुन्या इटालियन घडणीच्या स्कूटरचे ते फुगीर पत्रे, कपाळावरचा एकच डोळा आणि पसरलेलं हँडल पाहून कुणाला त्यात माणूस दिसतो, कुणाला जनावर. अशा लोकांनी घडवलेल्या मूर्ती मी जमवते. बंगालकडची भाजक्या मातीची एक गरोदर बाई आहे, तिचं कमरेखालचं अंग हुबेहूब स्कूटरच्या मागच्या भागासारखं आहे. एक लाकडी बैल आहे, त्याच्या शिंगांना हँडलच्या मुठी आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुली माझ्या माघारी मला स्कूटरबाई म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही.

पुण्यातल्या एका हस्तकलेच्या प्रदर्शनात मला पाणी वाहणारा एक भिश्ती मिळाला. खऱ्या स्कूटरच्या सुट्या भागांचा होता. पाठीवरची पखाल म्हणजे जुना हॉर्न, वाकलेले पाय म्हणजे किकचे दांडे. विकणारा म्हणाला, जयपूरला कुणी सरदारजी हे करतात. माझी धाकटी बहीण वसुधा तेव्हा जयपूरलाच होती. तिचे यजमान श्रीकांतराव बँकेत अधिकारी, बदलीवर गेलेले. वसुधानं चौकशी केली आणि परीक्षा संपता संपता तिचा फोन आला. सरदारजी सापडले होते, पण ते सगळ्या मूर्ती भंगारात घालायच्या म्हणत होते. यायचं तर लवकर ये, असं ती म्हणाली.

ते वर्ष पंच्याऐंशीचं. उत्तरेकडे कुठं बेवारस ट्रान्झिस्टर उचलला आणि फुटला, कुठं पिशवी फुटली, अशा बातम्या रोज वर्तमानपत्रात येत होत्या. भावानं जाऊ नको म्हणून परोपरीनं सांगितलं. भीती मलाही वाटत होती. पण भंगाराच्या गाडीवर पडलेल्या त्या मूर्ती डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, म्हणून मी गेले.

सवाई माधोपूर

मुंबईहून दिल्लीकडे जाणारी मोठी गाडी इथं सोडायची आणि जयपूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी धरायची. फलाटावर लिंबाच्या सावलीत एक बाकडं होतं. एवढ्या उन्हात ते रिकामं कसं, याचं मला नवल वाटलं आणि मी तिकडे निघाले. एका बाईनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. बाकड्याखाली पितळेचा एक डबा होता. त्याच्याभोवती माणसांनी मोठं रिंगण सोडलं होतं आणि सगळे त्या डब्याकडे बघत उभे होते. चहावाल्यानंसुद्धा आपला स्टोव्ह लांब नेला होता.

बऱ्याच वेळानं नळावरून एक म्हातारे गृहस्थ ओल्या तोंडानं आले, बाकड्यावर बसले, डबा उघडला आणि पुरी खाऊ लागले. कुणी हसलं नाही. दोघातिघांनी त्यांना शिव्या घातल्या. मी मात्र जयपूर येईपर्यंत सीटखाली वाकून वाकून बघत होते.

मालवीय नगर

वसुधाचं घर नव्या वसाहतीत होतं. रस्त्याच्या एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला उघडी रेती. दुपारी लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटली की ती रेती दाराच्या फटीतून आत यायची. खिडकीला वाळ्याचे पडदे लावलेला कूलर दिवसभर घरघरायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पन्हं, इथं बाजरीची आंबट राबडी. पहिला घोट मला गिळवला नाही आणि तिसऱ्या दिवशी मी ती मागून घेतली. कैर-सांगरीची भाजी दिसायला वाळलेल्या काटक्यांसारखी, पण दह्यात शिजल्यावर बोटं चाटावीत अशी. माझी भाची केतकी तिकडच्याच शाळेत जायची. ती मला म्हणाली, “मावशी, मतलब, तू स्कूटर नाही घेणार, फक्त मूर्ती घेणार?” मी हो म्हटल्यावर तिनं आईकडे काळजीनं पाहिलं.

श्रीकांतराव जेवताना एवढंच म्हणाले की, सरदारजी माणूस चांगला, माझी स्कूटर त्यांनीच दुरुस्त केली होती, पण हल्ली तिकडे जाणं लोक टाळतात. का, ते त्यांनी सांगितलं नाही. रविवारी टेंपो करून सगळ्या मूर्ती एकदम आणू, असं ठरलं. तोवर मी एकदा जाऊन बघून यावं.

निघताना वसुधानं माझ्या पर्समध्ये एक कांदा घातला. लू लागू नये म्हणून इथं सगळे जवळ कांदा ठेवतात.

मुरलीपुरा

सीकर रोडवरून आत वळलं की लहान लहान कारखाने, त्यांच्यामध्ये घरं. वेल्डिंगचा वास आणि लेथचा आवाज. गॅरेजवर पाटी नव्हती. पूर्वी जिथं होती तिथं भिंतीचा रंग थोडा ताजा दिसत होता.

दार सरदारजींच्या पत्नीनं उघडलं, आधी फटीएवढं आणि मग पूर्ण. सगळे त्यांना बीजी म्हणत. सरदारजी साठीचे असतील. दाढी पांढरी, आवाज मऊ. मला खुर्ची देऊन ते स्वतः उभेच राहिले. खारी लस्सी आली, लोणी घातलेला पराठा आला, आणि मी खाईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, असं बीजींनी बजावलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी काम विचारतात आणि मग चहा टाकतात.

मग त्यांनी आतल्या अंगणाचं दार उघडलं.

दहा-अकरा मूर्ती भिंतीला टेकून उभ्या होत्या. मडगार्डचा कुबड्या म्हातारा. दोन आरशांचे कान असलेला हत्ती. बाजूचे पत्रे पंखांसारखे पसरलेला मोर. आणि मधोमध बसलेली एक बाई. दोन्ही बाजूंचे फुगीर पत्रे म्हणजे तिचा पसरलेला घागरा, हँडल म्हणजे मांडीवर ठेवलेले हात, हेडलाइट म्हणजे किंचित झुकलेलं तोंड. छातीच्या जागी स्पीडोमीटर बसवला होता आणि त्यातून एक केबल निघून खांद्यावरून वेणीसारखी खाली आली होती. उंचीला ती माझ्या कमरेपेक्षा कमी होती, पण तिच्याजवळ मी नकळत हळू बोलू लागले.

एवढं सुंदर काम भंगारात का घालायचं, असं मी विचारलं. सरदारजींनी आधी दार लावून घेतलं. गेल्या हिवाळ्यात, पंतप्रधानांच्या हत्येनंतर शिखांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत, त्यांच्या धाकट्या भावाचं सुट्या भागांचं दुकान जळालं. ते कोणत्या गावात, आणि भावाचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इथं जयपुरात त्यांना कुणी काही केलं नव्हतं. पण त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी स्वतः उतरवली होती. अलीकडे गल्लीत बोलणं सुरू झालं होतं की, सरदारच्या अंगणात तारा आणि घड्याळं लावलेली यंत्रं आहेत. एक माणूस येऊन भिंतीवरून डोकावून गेला होता.

“बनाते वक़्त मुझे इसमें औरत दिखती थी,” ते म्हणाले. “अब रात को उठकर देखता हूँ तो मुझे भी वही दिखता है जो उनको दिखता है.”

रविवारपर्यंत ठेवा, आम्ही सगळ्या नेतो, असं मी सांगितलं. पण त्या बाईला सोडून माझा पाय निघेना. एवढी एकच आज नेते म्हटल्यावर सरदारजी नको म्हणाले. बस में मत ले जाइए, असं दोनदा म्हणाले. शहराच्या वेशीशी, चांदपोलला उतरून ऑटोरिक्षा करीन, बसमध्ये थोडाच वेळ, असं मी समजावलं. शेवटी बीजींनी रजईच्या जुन्या खोळीत तिला गुंडाळून सुतळीनं बांधून दिलं.

चांदपोलच्या अलीकडे

मिनीबस भरलेली होती. मूर्ती मी दोन्ही पायांमध्ये उभी धरली. रस्ता खराब होता. दोनतीन धक्क्यांनंतर मला तो आवाज आला. टक. टक. टक टक. मीटरचा काटा सैल होता आणि प्रत्येक धक्क्याला तो काचेच्या आत आपटत होता. मी खोळीवरून तिथं हात दाबून धरला. आवाज थांबला नाही.

शेजारचा माणूस आधी माझ्याकडे बघायला लागला, मग माझ्या हाताकडे. सुतळी ढिली होऊन खोळ एका बाजूनं सरकली होती आणि केबल बाहेर आली होती. तो उठून उभा राहिला. ओरडला नाही. पुढच्या माणसाच्या कानात काही बोलला, त्यानं आणखी कुणाच्या, आणि मग एकदम सगळी बस उठली.

मी असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. माणसं दारात अडकली, काही खिडकीतून गेली. एका बाईची चप्पल माझ्या मांडीवर येऊन पडली. ड्रायव्हर चालती गाडी कशीबशी थांबवून उडी टाकून पळाला. क्षणभरानं बसमध्ये मी आणि ती दोघीच उरलो. बाहेरून लोक हातवारे करत होते. गाडी थांबली होती, तरी तो काटा अजून एकदा टक वाजला. आत काय आहे हे मी कुठं पाहिलं होतं? मी मूर्ती सीटला टेकवली आणि मागे न बघता खाली उतरले.

उतरल्यावर कळलं की आतली भीती बरी होती. लोकांनी माझ्याभोवती रिंगण केलं होतं, सवाई माधोपूरला त्या डब्याभोवती केलं होतं तसंच, फक्त हे जवळ जवळ येत होतं. कुणीतरी माझी पर्स ओढून रस्त्यावर उलटी केली. रुमाल, चिल्लर, चष्म्याचं घर आणि वसुधाचा कांदा रस्त्यावर पडला. चौकातला हवालदार धावत आला म्हणून बरं. त्यानं काठी आडवी धरून लोकांना मागे सारलं आणि मला विचारलं की ते काय आहे. मूर्ती आहे, असं मी सांगितलं. मूर्ती टकटक करते का, असं मागून कुणी म्हणालं.

कंडक्टरनं सांगितलं, “मुरलीपुरा से चढ़ी है.”

“उधर एक सरदार रहता है,” एक तरुण माणूस म्हणाला. “उसके घर में ऐसी ही मशीनें हैं.”

चारपाच माणसं वळून सीकर रोडच्या दिशेनं बघू लागली. त्यांच्यातल्या एकानं जवळच उभ्या केलेल्या सायकलीला हात घातला. मला बीजींनी फटीएवढं उघडलेलं दार आठवलं. हा सायकलवाला आता त्याच दारावर जाणार होता.

हवालदारानं विचारलं, “सरदार ने दिया?”

“नहीं,” मी म्हटलं. “मैंने बनाया है.”

माझं हिंदी शाळेत शिकलेलं, आणि ते वाक्य मी परीक्षेत उत्तर द्यावं तसं दिलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी ड्रॉइंग टीचर आहे, महाराष्ट्रातून आले आहे, बहिणीला देण्यासाठी बनवलं आहे, असं काहीबाही मी सांगत सुटले. मुरलीपुऱ्यात फक्त वेल्डिंग करायला गेले होते, असंही म्हणाले.

“आपने बनाया है,” हवालदार म्हणाला, “तो आप ही खोलिए.”

ड्रायव्हरनं लांबूनच आपल्या हत्यारांची पिशवी बसच्या दारात सरकवली. हवालदार दाराशी थांबला, आत आला नाही. मी मूर्ती बसच्या मधल्या जागेत आडवी केली आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले.

मी आयुष्यात सायकलचं चाकसुद्धा काढलेलं नाही. कुठला पाना कुठं लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि ज्यानं बनवलं त्याला ते माहीत असायला हवं होतं. बाहेर सगळे बघत होते. पहिला पाना फिरला, दुसरा घसरला आणि माझ्या बोटाचं सालटं निघालं. मी तोंडानं पुटपुटत राहिले, जणू मला सगळं पाठ आहे. आधी हेडलाइट निघाला. आत गंज होता आणि कापसाचा एक बोळा. मग हात निघाले. घागऱ्याचे पत्रे निघताना एवढा कर्कश आवाज झाला की हवालदारसुद्धा मागे हटला. शेवटी छाती उरली. तिचे दोन स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. मी डोळे मिटून तो फिरवला.

मीटर हातात आला. मी तो उचलून दारातल्या उजेडात धरला आणि हलवला. टक टक.

हवालदारानं तो घेतला, कानाला लावला, उलटा केला आणि मग जमलेल्या लोकांना दाखवला. लोक हळूहळू पांगले. सायकलवाला सर्वांत शेवटी गेला, पण मुरलीपुऱ्याकडे नाही, शहराकडे गेला. मी फुटपाथवर बसून राहिले. एका फळवाल्या बाईनं माझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि माझा कांदा मला परत दिला.

हवालदारानं बँकेत फोन करून श्रीकांतरावांना बोलावलं. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. सुटे भाग गोणत्यात भरून त्यांनी स्कूटरवर पुढे घेतले आणि मला मागे बसवलं. घरी पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “ताई, आता तिकडं जायचं नाही. टेंपो नाही, काही नाही. माझी बदलीची नोकरी आहे, दोन वर्षं इथं काढायची आहेत.” ते चुकीचं बोलत होते असं मला वाटलं नाही. तेही घाबरले होते.

पुन्हा मुरलीपुरा

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेल्यावर वसुधानं स्वतःच ऑटोरिक्षा बोलावली. मी काही म्हणायच्या आत तिनं गोणतं उचलून आत ठेवलं होतं. सरदारजींना सांगायला हवं, एवढंच ती म्हणाली.

बीजींनी दार उघडलं आणि आम्हाला बघून त्या रडू लागल्या. अंगणात आता फक्त पत्रे होते. हत्ती, मोर, कुबड्या म्हातारा, सगळे ठोकून सपाट केलेले आणि एकावर एक रचलेले. चांदपोलला एका बाईजवळ यंत्र सापडलं, ही बातमी आमच्याआधी चहाच्या टपरीवर पोचली होती. मी नाव सांगितलं असणार आणि आता पोलीस किंवा दुसरे कुणी येणार, असं धरून सरदारजींनी उजाडताच हातोडा घेतला होता. सगळ्या गल्लीनं ते ठोकणं ऐकलं, असं बीजी म्हणाल्या. काय झालं म्हणून विचारायला एकही माणूस आला नाही.

सरदारजी खाटेवर बसले होते. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“मेरा नाम नहीं लिया?”

“नहीं.”

“क्यों?”

मला काही मोठं उत्तर देता आलं असतं. पण सुचलं ते खरं होतं. मी म्हणाले, “मैं डर गई थी.”

त्यांनी मान हलवली. ते उत्तर त्यांना समजलं. मग मी गोणतं उलटं केलं आणि ती बाई तुकड्या-तुकड्यांनी फरशीवर मांडली. सरदारजी तिच्याकडे बघत होते. हेडलाइट त्यांनी हातात घेतला, बाहीनं पुसला आणि परत ठेवला. सकाळी एवढं तोडल्यावर आता हाताला जोर नाही, असं ते म्हणाले. त्यांनी मलाच जोडायला सांगितलं आणि स्वतः खाटेवरून सांगत राहिले. वसुधा पत्रे धरून उभी राहिली. दार लावलेलं होतं आणि हातोडा वापरायचा नव्हता, म्हणून जो भाग बसेना तो मी गुडघ्यानं दाबून बसवला. उकाड्यानं जीव जात होता. बीजी पंख्यानं वारा घालत होत्या, मला नाही, त्या मूर्तीला.

मीटर त्यांनी बसवू दिला नाही. केबलही काढून घेतली. छातीत वाटोळं भोक राहिलं आणि त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

निघताना मी त्यांना सांगितलं की सांगलीला ही दर्शनी ठेवीन आणि प्रत्येकाला तुमचं नाव सांगीन.

ते दारापर्यंत आले होते. “नहीं, बहनजी,” ते म्हणाले. “सबके सामने आपने कह दिया है. अब वही रहने दीजिए.”

परतीची गाडी

येताना मूर्ती उघडीच घेतली. झाकलेल्या वस्तूची लोकांना जास्त भीती वाटते हे आता मला कळलं होतं. सवाई माधोपूरला फलाटावरच्या शिपायानं मला थांबवलं, वाकून त्या भोकाला डोळा लावला आणि पलीकडून जाणारी गाडी बघितली. मग हसून विचारलं की ही कुणी बनवली. मी म्हटलं, मैंने. या वेळी माझा आवाज कापला नाही आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

आता ती पुढच्या खोलीत बसलेली आहे. फळीवर मावत नाही म्हणून खाली. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढं थांबतो. बाई, तुमच्या सगळ्या संग्रहात हिच्यासारखी नाही, असं म्हणतो आणि ही केली कुणी, असं विचारतो. सरदारजींचं नाव माझ्या ओठांशी येतं. इथंही मी ते लिहिलेलं नाही. मी म्हणते, बसा ना, आणि पाणी आणायला आत जाते.